डेटाबेसमध्ये कुणी कुणाला परमिशन दिली की ईमेल यावा, कसं करायचं? (एसक्यूएल सर्व्हर २०१९)

एकखांबी_आयटी

नमस्कार मंडळी. मी एका पतसंस्थेत आयटी बघतो. बघतो म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच आणि सर्व्हर बसला तरी मीच. सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर २०१९ स्टँडर्ड (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) आहे, त्यावर आमचं मुख्य सॉफ्टवेअर चालतं आणि सॉफ्टवेअर कंपनीची पोरं रिमोटने येऊन पॅच टाकतात.

झालं असं की मागच्या महिन्यात ऑडिटर आले, युजरची यादी मागितली, मी काढून दिली आणि त्यात एक लॉगिन निघालं ज्याला डीबी_ओनर (डेटाबेसमध्ये काहीही करायचा हक्क देणारा रोल) होतं. ते कुणी दिलं, कधी दिलं, का दिलं, मला एकाचंही उत्तर देता येईना. कंपनीवाल्यांना फोन केला तर म्हणाले "सपोर्टला लागतं सर". ऑडिटर नुसते हसले आणि लिहून घेतलं, आणि आता ते शेऱ्यात येणार.

तर मला एवढंच पाहिजे की कुणी ग्रँट मारलं (परमिशन दिली), रिव्होक मारलं (काढून घेतली), कुणाला रोलमध्ये (परमिशनच्या गटात) टाकलं, की मला आणि मॅनेजर साहेबांना मेल यावा. डेटाबेस मेल चालू आहे, बॅकअप झाल्याचा मेल रोज येतो. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला संचालक मंडळ तयार होणार नाही, तेवढं धरून सांगा. आणि ते जुनं डीबी_ओनर कुणी दिलं ते आता काही करून सापडेल का?

ग्रँट_साहेब

जुनं सापडणं अवघड. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डीफॉल्ट ट्रेस म्हणून एक गोष्ट गुपचूप चालू असते, त्यात रोलमध्ये कुणाला टाकलं वगैरे नोंदी पडतात, पण तिच्या २० एमबीच्या पाचच फाइली असतात आणि सर्व्हिस रीस्टार्ट झाली की नवी फाइल सुरू होऊन सगळ्यात जुनी गळते. महिनाभर टिकल्या असतील तर तुमचं नशीब. लॉग फोल्डरमध्ये जाऊन बघा, फुकटचं काम आहे.

मेलसाठी सोपं, सर्व्हर लेव्हलचा डीडीएल ट्रिगर (परमिशन किंवा रचना बदलणारी कमांड चालली की आपोआप चालणारा कोड) टाका. 'ऑन ऑल सर्व्हर' लिहायचं, इव्हेंटमध्ये डीडीएल_जीडीआर_डेटाबेस_इव्हेंट्स द्यायचं (जीडीआर म्हणजे ग्रँट, डिनाय, रिव्होक), शिवाय ॲड_रोल_मेंबर, ड्रॉप_रोल_मेंबर, ॲड_सर्व्हर_रोल_मेंबर आणि ड्रॉप_सर्व्हर_रोल_मेंबर. आत इव्हेंटडेटा फंक्शन एक्सएमएल देतं, त्यातून लॉगिन, डेटाबेस आणि चालवलेली कमांड काढायची आणि एसपी_सेंड_डीबीमेलने पाठवायची. वीस ओळींचं काम. २००५ पासून ही सोय आहे, मी तीन ठिकाणी केलंय.

एकखांबी_आयटी

धन्यवाद साहेब! लॉग फोल्डर बघितला, सगळ्यात जुनी ट्रेस फाइल नऊ दिवसांची, त्यामुळे ते प्रकरण गेलं. ट्रिगर केला, स्वतःच्या लॉगिनने एक टेस्ट ग्रँट मारलं, अर्ध्या मिनिटात मोबाइलवर मेल. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

एकखांबी_आयटी

वरचं 'सोपं' मागे घेतो. काल रात्री अकराला कंपनीच्या पोराने पॅच टाकायला घेतला, पॅचमध्ये नव्या प्रोसिजरवर (डेटाबेसात साठवलेल्या कोडवर) एक्झिक्यूट म्हणजे चालवायची परमिशन द्यायची ओळ होती, तिथे येऊन एरर: एमएसडीबीमधल्या (एसक्यूएल सर्व्हरचा स्वतःचा डेटाबेस, मेल आणि जॉब त्यातून चालतात) एसपी_सेंड_डीबीमेलवर एक्झिक्यूट परमिशन नाही. आणि त्याचं ग्रँटसुद्धा झालं नाही! पोरगं म्हणतंय "सर तुमच्या सर्व्हरवर काहीतरी गडबड आहे", मी म्हणतोय कालपर्यंत तर चालत होतं, शेवटी साडेबाराला माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि ट्रिगर डिसेबल केला, पॅच गेला. सकाळी सातला काउंटरवाल्या मॅडम येतात, तोवर मी जागाच. माझ्या लॉगिनने चालतं आणि त्याच्याने का नाही?

तिसरी_पाळी

चालणारच ना, तुम्ही सिसॲडमिन आहात, म्हणजे सर्व्हरवर सगळे हक्क. तुम्हाला दार कुठे बंद असतं का.

जरा सविस्तर सांगते कारण हा खड्डा सगळ्यांनाच लागतो आणि मी स्वतः यात पडलेय. डीडीएल ट्रिगर ही काही वेगळी बाजूला चालणारी गोष्ट नाहीये. ज्याने ग्रँट मारलं त्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळं होतं नाहीतर काहीच नाही असा कामाचा गठ्ठा) आणि त्याच्याच परमिशनवर ट्रिगर चालतो. कंपनीच्या पोराला तुमच्या डेटाबेसमध्ये सगळे हक्क असतील, पण एमएसडीबीमध्ये डेटाबेसमेलयुजररोल नाही, म्हणून मेलची ओळ फुटली, ट्रिगर फुटला आणि ट्रिगर फुटला की ग्रँटही रोलबॅक, म्हणजे केलेलं मागे. म्हणजे पाहुणा आल्याची वर्दी द्यायला वॉचमन ठेवला आणि त्याचा फोन लागेना म्हणून पाहुण्यालाच हाकलून दिलं, तसं झालं.

आता लोक म्हणतील ट्राय कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या कोडमध्ये) टाका. टाकून बघा, तरीही फुटेल, कारण ट्रिगरच्या आत एक्सॅक्ट_अबॉर्ट (एरर आली की ट्रान्झॅक्शन रद्द करणारं सेटिंग) आपोआप चालू असतं, एरर पकडली तरी ट्रान्झॅक्शन तोवर मेलेलं असतं. ट्रिगरच्या सुरुवातीला ते मुद्दाम ऑफ करावं लागतं. मला हे कळायला दोन रात्री लागल्या. आणि तरीही काही एरर अशा असतात की त्या ट्रान्झॅक्शन मारूनच जातात.

दुसरा उपाय, ट्रिगरला एक्झिक्यूट ॲज लावून ज्याला मेलचा हक्क आहे अशा एका लॉगिनच्या नावाने चालवायचं. हे चालतं, पण मग 'कोणी केलं' हे काढताना सिस्टम_युजर वापरू नका, तिथे त्या उसन्या लॉगिनचंच नाव येतं आणि प्रत्येक मेलमध्ये गुन्हेगार तोच दिसतो. ओरिजिनल_लॉगिन फंक्शन वापरा, ते मूळ माणूस सांगतं.

अजून एक, हे खरंच चिडवणारं आहे. ट्रिगर बनवताना स्क्रिप्ट एसक्यूएलसीएमडीने (कमांड लाइनवरून) चालवली तर त्यात कोटेड आयडेंटिफायर डीफॉल्टने ऑफ असतं आणि ते सेटिंग ट्रिगरबरोबरच साठवलं जातं. मग एक्सएमएल वाचायला गेलं की १९३४ नंबरची एरर, सेट ऑप्शन चुकीचे आहेत म्हणून. मॅनेजमेंट स्टुडिओतून बनवला की तोच ट्रिगर चालतो, माणूस आपल्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लागतो.

ग्रँट_साहेब

मान्य, एक्झिक्यूट ॲज सांगायचं राहिलं माझ्याकडून. पण मेल पाठवताना मेल सर्व्हर बंद असला तर ग्रँट अडकेल अशी भीती घालू नका कुणाला, एसपी_सेंड_डीबीमेल फक्त सर्व्हिस ब्रोकरच्या रांगेत मेल टाकतं आणि परत येतं, प्रत्यक्ष पाठवायचं काम बाहेरचा प्रोग्रॅम करतो.

तिसरी_पाळी

मी कुठे म्हटलं तसं, साहेब? रांगेचं बरोबर आहे. त्याचा एक फायदाही आहे, ग्रँट रोलबॅक झालं की रांगेतला मेलही रोलबॅक होतो, म्हणजे न झालेल्या गोष्टीचा मेल येत नाही. पण तोटाही तोच. कुणी परमिशन घ्यायचा प्रयत्न केला आणि फसला, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की दुसऱ्याच्या ट्रान्झॅक्शनमध्ये आपलं मेलचं लफडं घुसवूच नये. स्टँडर्ड २०१९ आहे ना? मग एसक्यूएल सर्व्हर ऑडिट वापरा. पूर्वी डेटाबेस लेव्हलचं ऑडिट फक्त एंटरप्राइजमध्ये मिळायचं, २०१६ च्या एसपी१ पासून सगळ्या एडिशनमध्ये आहे. ऑडिट फाइलमध्ये लिहितं, आणि दर पाच मिनिटांनी एक एजंट जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) ती फाइल वाचून नवीन काही असेल तरच मेल टाकतो. मेल पाच मिनिटं उशिरा येईल. तुमच्या ऑडिटरला पाच मिनिटांनी काय फरक पडतो, त्यांना तर महिना उलटून कळलं.

करायचं असं. आधी सर्व्हर ऑडिट बनवा, टारगेट फाइल, फाइलची साइज आणि किती फाइली ठेवायच्या ते द्या, नाहीतर डिस्क भरते. तिथे 'ऑडिट लिहिता आलं नाही तर काय' असा एक पर्याय येतो, तो कंटिन्यूच राहू द्या. शटडाउन निवडलंत आणि डिस्क भरली तर आख्खा एसक्यूएल सर्व्हर बंद होतो आणि काउंटरसमोर रांग. मग सर्व्हर ऑडिट स्पेसिफिकेशन (कशाकशाची नोंद ठेवायची त्या ग्रुपची यादी), एकदाच केलं की सगळ्या डेटाबेसना लागू. बनवल्यावर दोन्ही बंद अवस्थेत असतात, राइट क्लिक करून चालू करावे लागतात, हे विसरून 'काहीच येत नाही' म्हणणारे मी खूप बघितलेत.

ग्रुप निवडताना जपून. डेटाबेस_परमिशन_चेंज_ग्रुप हे नाव वाचून वाटतं की यात सगळं आलं, पण टेबल, व्ह्यू, प्रोसिजरवरचं ग्रँट त्यात येत नाही, ते स्कीमा_ऑब्जेक्ट_परमिशन_चेंज_ग्रुपमध्ये. स्कीमावरचं (टेबलं वगैरे ठेवायच्या कप्प्यावरचं) वगैरे डेटाबेस_ऑब्जेक्ट_परमिशन_चेंज_ग्रुपमध्ये. तिन्ही घ्या. तुमचं डीबी_ओनरवालं प्रकरण यातल्या एकातही नाही, ते रोल मेंबर चेंजच्या दोन ग्रुपमध्ये येतं, एक डेटाबेसचा आणि एक सर्व्हरचा. शिवाय सर्व्हर_परमिशन_चेंज_ग्रुप, आणि ऑडिट_चेंज_ग्रुप, म्हणजे कुणी ऑडिटलाच हात लावला तर तेही दिसेल.

फाइल वाचायला सिस.एफएन_गेट_ऑडिट_फाइल. त्यात ॲक्शन आयडीचे छोटे कोड येतात, जी म्हणजे ग्रँट, आर म्हणजे रिव्होक, डी म्हणजे डिनाय, एपीआरएल म्हणजे रोलमध्ये टाकलं, डीपीआरएल म्हणजे काढलं. मॅनेजर साहेबांना मेल जाणार असेल तर हे कोड मराठीत करून पाठवा, नाहीतर दर वेळी तुम्हालाच केबिनमध्ये बोलावतील. कुठपर्यंत वाचलं ती शेवटची वेळ एका टेबलात ठेवायची आणि पुढच्या खेपेला तिच्यानंतरचं वाचायचं.

नुसताच_वाचक

तुमच्यासारखंच आमच्याकडे केलं होतं आणि पहिल्याच आठवड्यात साहेब घाबरून आले, म्हणाले पहाटे चारला कुणीतरी परमिशन बदलली, हॅक झालंय. ऑडिट फाइलमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते हो, आपल्या साडेपाच तास मागे. पहाटेचे चार म्हणजे आपले साडेनऊ, तेव्हा तर मीच चहा पिऊन कामाला बसलो होतो. मेलमध्ये टाकताना ३३० मिनिटं मिळवा. पण 'शेवटची वेळ' टेबलात ठेवाल ती मात्र यूटीसीच ठेवा, दोन्हीकडे मिळवलं की साडेपाच तासांच्या नोंदी गडप होतात.

पोस्टग्रेसवाली

मध्येच विचारते, हेच पोस्टग्रेसमध्ये (दुसरं डेटाबेस सॉफ्टवेअर)? तिथेही इव्हेंट ट्रिगर असतात ना?

तिसरी_पाळी

असतात, पण टेबल वगैरेवरच्या ग्रँटवरच चालतात. क्रिएट रोल किंवा कुणाला रोलमध्ये टाकणं हे आख्ख्या क्लस्टरचं (त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसचं मिळून) असतं, त्यावर इव्हेंट ट्रिगर चालतच नाही, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. पीजीऑडिट एक्स्टेन्शन टाका, त्यात लॉगला 'रोल' वर्ग द्या, ग्रँट, रिव्होक, रोल बनवणं-बदलणं सगळं सर्व्हर लॉगमध्ये येतं. तिथून मेल काढायचं काम तुमचं. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे गल्लत होईल.

डोमेनचा_जावई

सगळं ठीक, पण दोन दारं तुम्ही उघडीच ठेवलीत.

एक, तुमच्याकडे विंडोज ग्रुपला लॉगिन दिलंय का? दिलं असेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज नेटवर्कची युजर आणि ग्रुपची यादी) जाऊन कुणीही त्या ग्रुपमध्ये माणूस टाकला की त्याला डेटाबेसचे सगळे हक्क मिळाले, आणि एसक्यूएल सर्व्हरला त्याचा पत्ताही नाही. ना ट्रिगर, ना ऑडिट, काही नाही. ते डोमेन कंट्रोलरच्या (ती यादी सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमध्ये पडतं, ग्लोबल ग्रुपला ४७२८, लोकलला ४७३२, युनिव्हर्सलला ४७५६ हा इव्हेंट. टास्क शेड्युलरमध्ये इव्हेंटवर टास्क लावता येतो.

दोन, रिस्टोर. टेस्ट सर्व्हरवरच्या डेटाबेसचा बॅकअप कुणी लाइव्हवर रिस्टोर केला तर टेस्टवर वाटलेल्या सगळ्या खिरापती त्याबरोबर येतात, कारण डेटाबेसच्या परमिशन डेटाबेसच्या पोटातच असतात. कुणी ग्रँट मारलेलंच नाही तर नोंद कशाची पडणार? हे मी प्रत्यक्ष बघितलंय, एका शनिवारी डेटा दुरुस्त करून दिला म्हणून कंपनीने आख्खा डेटाबेसच पाठवला आणि त्यात त्यांच्या ऑफिसातल्या सहा जणांचे युजर.

म्हणून मेलबरोबर रोज सकाळी एक फोटो काढा. सिस.डेटाबेस_परमिशन्स आणि सिस.डेटाबेस_रोल_मेंबर्स प्रत्येक डेटाबेसमधून उचलून एका टेबलात तारखेसह टाकायचं, कालच्याशी एक्सेप्टने दोन्ही बाजूंनी ताडायचं, आज आहे काल नव्हतं आणि काल होतं आज नाही. सर्व्हर लेव्हलचे दोन व्ह्यू वेगळे आहेत तेही घ्या. विंडोज ग्रुपमध्ये आत कोण आहे ते एक्सपी_लॉगिनइन्फोला 'मेंबर्स' दिलं की मिळतं, तेही त्याच फोटोत. खरं सांगू का, माझ्याकडे एकच गोष्ट ठेवायची वेळ आली तर मी हा फोटो ठेवीन आणि बाकी सोडून देईन.

ग्रँट_साहेब

फोटोत 'कुणी दिलं' येत नाही पण. आणि सकाळी दिलं, संध्याकाळी काढून घेतलं तर फोटोत काहीच दिसणार नाही.

डोमेनचा_जावई

म्हणून तर ऑडिटही हवं. मी 'एकच ठेवायची वेळ आली तर' म्हटलं, वाचा की नीट राव.

एकखांबी_आयटी

भांडू नका, मला दोन्ही करायचंय. आठवडाभर बसून करून बघितलं म्हणून उशिरा लिहितोय.

ट्रिगर काढून टाकला. ऑडिट चालू केलं, सांगितले ते ग्रुप घेतले. जॉब दर पाच मिनिटांनी. पहिल्या दिवशी मेल मला आला, मॅनेजर साहेबांना गेलाच नाही, अर्धा दिवस शोधत बसलो, शेवटी कळलं की दोन पत्त्यांमध्ये मी स्वल्पविराम टाकला होता, तिथे अर्धविराम लागतो. सिसमेल_इव्हेंट_लॉग बघितला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं असं आता वाटतंय.

मग रोज रात्री दोनला पंचवीस-तीस नोंदींचा मेल यायला लागला. सॉफ्टवेअरचा रात्रीचा एक जॉब रिपोर्टचा डेटाबेस पाडून नव्याने बनवतो आणि परमिशन परत देतो. तो गाळावा का? आणि दुसरं, मेल मलाच येतात आणि सिसॲडमिनही मीच, मग ऑडिटर म्हणाले की "तुम्हीच केलंत तर?" याला काय उत्तर द्यायचं?

तिसरी_पाळी

गाळा, पण लॉगिनच्या नावावर गाळू नका. त्या जॉबच्या लॉगिनचा पासवर्ड कंपनीतल्या चार जणांना माहीत असणार, त्या नावाने कुणी लाइव्ह डेटाबेसवर ग्रँट मारलं तर तेही गाळलं जाईल. तो एक रिपोर्टचा डेटाबेस आणि ते लॉगिन, दोन्ही जुळलं तरच गाळा. आणि गाळायचं फक्त मेलमधून, फाइलमध्ये राहू द्या.

ऑडिटरचा प्रश्न रास्त आहे, त्यांच्यावर चिडू नका. सिसॲडमिन ऑडिट बंद करू शकतो, ते कुणी अडवू शकत नाही. पण बंद केल्याची नोंद पडते. फक्त तुमचा जॉबही तुम्हीच बंद केलात तर ती नोंद कुणाला मेलने जाणार नाही, म्हणून फाइली अशा जागी कॉपी होऊ द्या जिथे तुम्हाला डिलीटचा हक्क नाही, आणि मेल संस्थेच्या एका सामायिक पत्त्यावर जाऊ द्या. रोज सकाळी 'काही बदल नाही' असाही एक मेल पाठवा, फोटोवाल्या जॉबमधूनच. तो आला नाही की साहेबांनी विचारायचं. कुणीच मेल आला नाही म्हणून आनंदात आणि जॉब तीन आठवडे फेल, हे मी बघितलंय.

जॉब फेल झाल्याचा मेल यायला ऑपरेटर (मेल कुणाला जायचा ते नाव आणि पत्ता) लावा. त्यासाठी एजंटच्या प्रॉपर्टीत अलर्ट सिस्टीममध्ये जाऊन मेल प्रोफाइल चालू करावं लागतं आणि मग एजंट रीस्टार्ट. रीस्टार्ट केल्याशिवाय तो मेल पाठवत नाही.

नुसताच_वाचक

फाइली किती दिवस ठेवायच्या त्याचं: सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत, भारतातच. मी पाच फाइली ठेवल्या होत्या, मग वाढवल्या.

एकखांबी_आयटी

शेवटचं अपडेट. सामायिक पत्ता केला, फाइली रोज रात्री दुसऱ्या मशीनवर जातात, तिथला पासवर्ड साहेबांकडे. त्यांनी तो चिठ्ठीवर लिहून तिजोरीत ठेवलाय, तिजोरीची किल्ली कॅशियरकडे, त्यामुळे आता मला तो मिळवायचा तर दोन माणसं फोडावी लागतील.

आणि मंगळवारी पहिला खरा मेल आला. ऑडिटची वेळ ०६:१२, म्हणजे आपली ११:४२. कंपनीच्या लॉगिनने एका नव्या युजरला डीबी_ओनरमध्ये टाकलं. मी ११:५५ ला फोन लावला. समोरचं पोरगं दोन सेकंद गप्प, मग म्हणालं "सर, तुम्हाला कसं कळलं?" नवीन मुलगा जॉइन झालाय, त्याला 'तात्पुरतं' दिलं म्हणे. मी म्हटलं डेटारीडर (फक्त वाचायचा हक्क) देऊ का, तर म्हणाले चालेल की. म्हणजे डीबी_ओनर कधी लागतच नव्हतं! १२:०५ ला काढून टाकल्याचा दुसरा मेलही आला, दोन्हीची प्रिंट काढून फाइलला लावली.

एकच राहिलं, एमएसडीबी वाढतोय असं दिसतंय, पाठवलेले मेल त्यातच साठतात का?

तिसरी_पाळी

हो, त्यातच साठतात. सिसमेल_डिलीट_मेलआयटम्स_एसपी ही प्रोसिजर चालवा, तारीख द्यायची, तिच्याआधीचे उडतात. महिन्याला एक जॉब लावून टाका.